डोंगरउतारावर माणसाच्या खुणा कशा ओळखाव्यात

सह्याद्रीच्या उतारावर माणसाने काय बदलले हे पाहायचे असेल, तर आधी पाण्याची वाट शोधावी. शेत, रस्ता, खाण, बंगला यांपैकी काहीही डोंगरावर आले की पावसाच्या पाण्याची जुनी वाट मोडते आणि माती, झाडे व दरडी यांच्यावर होणारे बरेचसे परिणाम तेथून सुरू होतात.

मुंबईकरांनी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलपासून सुरुवात करावी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेले बेसाल्टचे उभे खांब तेथे उघडे दिसतात. भोवतालचा डोंगर दगडासाठी फोडून नेल्यामुळे ते आज इतके एकाकी उभे आहेत. घाटात याच खडकावर मुरूम आणि मातीचा थर असतो. पाणी त्यात मुरते, खालच्या कातळापाशी अडते आणि थर पाण्याने जड झाला की तो उतारावरून घसरू शकतो. हे ध्यानात असेल तर पुढचे निरीक्षण सोपे जाते.

त्यानंतर नेरळ-कर्जत भागातील एखादा उतार निवडून गूगल अर्थवर त्याची जुनी व नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पाऊस सरल्यावर, गवत वाळून वणवे लागण्यापूर्वी, समोरच्या टेकाडावरून तोच उतार पायथ्यापासून वर पाहत जावे. पायथा जेसीबीने उभा कापला असेल, तर वरच्या मातीचा आधार गेला असे समजावे. संरक्षक भिंत असल्यास तिच्यात पाणी बाहेर पडण्याची भोके आहेत का आणि ती बुजलेली आहेत का, हे अवश्य पाहावे. घाटकोपर, विक्रोळी, चेंबूर येथील टेकड्यांवरही हाच तपास करावा. घाटरस्त्यावर डोंगराकडचे गटार आणि मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या वाटा, तपासाव्यात. मोरी राडारोड्याने तुंबली की पाणी रस्ता ओलांडते आणि खालच्या अंगाला नवी घळ पाडते.

शेतीविषयी मात्र घाईने मत बनवू नये. आंबेगाव-जुन्नर भागातील पडकई, म्हणजे कुटुंबांनी एकत्र येऊन उतारावर बांध घालून केलेली भातखाचरे, बांध राखले तर माती धरून ठेवतात. यंत्राने केलेले सपाटीकरण निराळे असते. त्याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि मुसळधार पावसाबरोबर अशा सपाटीकरणाचीही कारण म्हणून चर्चा झाली. जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेलेल्या रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीच्या वर मात्र उतार मुळातच अतितीव्र होता. म्हणून प्रत्येक दरडीचा दोष माणसावर टाकण्याआधी चढ, पाऊस आणि मातीची जाडी पाहणे हेच प्रामाणिकपणाचे ठरेल. गावातील वडीलधाऱ्यांना वरकस म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरी कधीपर्यंत पिकत होती, कारवी या झुडपाचे रान कुठवर होते, झरे कोणते आटले, हे आदराने विचारावे. नकाशात न सापडणारी माहिती त्यांच्याकडून मिळते.

माथेरानला गेल्यास, २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या आणि मोटारींना बंदी असलेल्या या गावातही पायवाटांवरील तांबडी माती वाहून झाडांची मुळे उघडी पडतात, हे नोंदवावे.

जोराच्या पावसात उतारावर किंवा त्याच्या पायथ्याशी थांबू नये. जमिनीला नव्या भेगा दिसल्या, झाडे वा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर तेथील लोकांना सावध करून सर्वांनी ताबडतोब दूर जावे आणि मुंबईत असल्यास महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर, अन्यत्र तहसील कार्यालयाला कळवावे.