टीम मरगळलीये? पार्टीच्या आधी हे करून बघा

ऑफिसात सगळे मरगळल्यासारखे दिसायला लागले की साहेबांच्या डोक्यात पहिली आयडिया ठरलेली, एखादी पार्टी करू नाहीतर आउटिंग काढू. काढा की, पण सोमवारी परत तीच हँग होणारी सिस्टीम आणि एका सहीसाठी चार दिवस थांबणं असेल तर तो मूड जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्येच हे मांडलंय. पगार, नियम, सोयी नीट नसतील तर माणूस वैतागतो, पण त्या नीट केल्या म्हणून तो लगेच कामात जीव ओततो असं नाही, त्याला जबाबदारी लागते, कौतुक लागतं, आपल्या हातून काहीतरी झालं असं वाटावं लागतं. म्हणजे वैताग कमी करणं वेगळं आणि उत्साह वाढवणं वेगळं.

तर सुरुवात वैतागापासून. प्रत्येकाशी वेगळं, अर्धा तास बसा आणि "काही प्रॉब्लेम आहे का" असं विचारू नका, उत्तर "नाही सर, सगळं ठीक" हेच येणार. विचारा, गेल्या आठवड्यात तुझा वेळ कुठे फुकट गेला? मग बघा लोक कसे बोलायला लागतात, एकच रिपोर्ट तीन जणांना तीन फॉरमॅटमध्ये द्यावा लागतो, रोजच्या मीटिंगमध्ये आपलं काहीच नसतं वगैरे वगैरे. लिहून घ्या, मध्ये बोलू नका, सफाई तर अजिबात देऊ नका.

त्यातली एक छोटी गोष्ट त्याच आठवड्यात सोडवा. छोटीच. बोलून काहीतरी होतं हे एकदा दिसलं की पुढचं आपोआप बाहेर येतं, आणि ऐकून घेऊन काहीच केलं नाही तर न विचारलेलं बरं होतं.

चूक सांगायची भीती घालवणं सगळ्यात अवघड. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर एक दोरी असते, कुठल्याही कामगाराला गडबड दिसली की त्याने ती ओढायची, टीम लीडर लगेच येतो आणि तेवढ्यात सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला ओरडा बसायला लागला तर परत कोण ओढेल? तुमच्याकडेही तेच. वाईट बातमी घेऊन कोणी आलं की आधी "बरं झालं लवकर सांगितलंस" म्हणा, चिडायचं असेल तर नंतर एकटे चिडा.

कौतुक त्याच दिवशी आणि नेमकं करा. "छान काम" म्हणजे काहीच नाही, "तू ती आकड्यांची चूक पकडलीस म्हणून क्लायंटकडे चुकीचं बिल गेलं नाही" हे लक्षात राहतं. झापायचं असेल तर चारचौघांत नको.

आणि कोण किती वाजेपर्यंत बसलं ते मोजणं बंद करा, नाहीतर लोक काम नाही, खुर्ची सांभाळतात.

महिन्याने तोच प्रश्न परत विचारा. यादीत जुनेच अडथळे निघाले तर नवीन काही सुरू करू नका, आधी ते काढा.