प्रजाती वाचवण्याचा आराखडा करताय? या चुका टाळा

तुमच्या आराखड्यातलं प्राण्याचं नाव खोडा आणि तिथे दुसरं कुठलंही लिहा. बाकीचा मजकूर तसाच्या तसा चालत असेल, तर आराखडा अजून तयार झालेला नाही. जनजागृती, संशोधन, अधिवास सुधारणा, निधी ही कलमं खवल्या मांजरालाही लागू पडतात आणि देवमाशालाही. असे बरेच मसुदे मी वाचलेत, एक-दोन लिहिण्यात माझाही हात होता. डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला जगभरच्या देशांनी ठरवलं, की संकटात असलेल्या ज्ञात प्रजाती माणसामुळे नामशेष होणं 2030 पर्यंत थांबवायचं. तसं व्हायचं असेल, तर खालच्या चुका कागदावरच दुरुस्त व्हायला हव्यात.

मरण्याचं कारण न शोधता उपाय लिहिणं

यातून सगळ्यात मोठं नुकसान होतं. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून जास्त घटली. सुरुवातीला संशय रोगावर होता. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून खरं कारण कळलं: जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. असं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. मान खाली टाकून बसून राहिलेला पक्षी काही दिवसांत मरतो, आणि आत हृदयावर, यकृतावर चुना फासल्यासारखा युरिक ॲसिडचा पांढरा थर दिसतो. एवढी पडझड व्हायला शंभरातलं एकसुद्धा ढोर विषारी असण्याची गरज नव्हती, त्याहून कमी प्रमाण पुरलं.

आता कल्पना करा, आराखड्यात फक्त ‘खाद्य कमी पडतंय’ असं लिहिलं असतं. मग गिधाडांसाठी खाद्यकेंद्रं उघडली असती आणि तिथे आपणच हातानं विष वाढलं असतं. म्हणून कुठलंही खाद्यकेंद्र सुरू करण्याआधी त्या ढोराला शेवटच्या दिवसांत कुठलं इंजेक्शन दिलं होतं, हे मालकाला विचारा आणि वहीत लिहा.

बंदी आली की काम संपलं, असं मानणं

2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळतच होत्या आणि त्या गोठ्यात पोचत होत्या. 2015 मध्ये माणसांसाठीचं हे इंजेक्शन 3 मिलीच्या एका डोसपुरतं ठेवावं लागलं. गिधाडांना तितकीच घातक ठरणारी केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही औषधं बंद व्हायला 2023 उजाडलं. त्यामुळे ‘बंदीसाठी पाठपुरावा’ या ओळीखाली आणखी एक ओळ लागते: दरवर्षी औषधांच्या दुकानांत जाऊन काय विकलं जातंय ते कोण बघणार? सोबत पर्यायही सांगा. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, आणि दुखण्यानं अडलेल्या बैलाच्या मालकाला औषध तर हवंच असतं.

‘अजून थोडी माहिती येऊ दे’

ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावरचं छोटं वटवाघूळ कमी होत चाललंय, हे अनेक वर्षं मोजणीत दिसत होतं. पकडून प्रजनन करायला परवानगी मिळाली जुलै 2009 मध्ये. ऑगस्टमध्ये पथक पोचलं, तेव्हा यंत्रावर एकाच वटवाघळाचा आवाज येत होता. ते हाती लागलं नाही, आणि महिनाअखेरीस तोही आवाज थांबला. मला हा प्रसंग फार छळतो. संख्या कुठल्या आकड्यावर आली की पकडायचं, हे संख्या बरी असतानाच ठरवा, सहीसकट.

नकाशा आधी, माणसं नंतर

सोलापूर-नगर भागात 1979 मध्ये माळढोकसाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात पिकाखालच्या जमिनी आल्या, गावं आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करावं लागलं. माळ राखणारा मेंढपाळ आणि शेतकरी पहिल्या बैठकीतच हवा, हे तिथे शिकायला मिळतं.

परत सोडलं, पण कारण तसंच

अरबी ओरिक्स हा वाळवंटातला हरणासारखा प्राणी 1972 मध्ये रानातून संपला. ओमानमध्ये 1982 ला तो पुन्हा सोडला, 1996 पर्यंत संख्या साडेचारशेच्या आसपास गेली. मग चोरटी शिकार पुन्हा वाढली. 2007 मध्ये तिथे 65 उरले होते.

आराखडा न बदलणं

न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट 1995 मध्ये 51 वर आला होता. माद्यांना पूरक खाद्य दिलं तर त्या वजनदार झाल्या, पण त्यांच्या पिल्लांत नरच जास्त निघाले. तिथल्या लोकांनी खाद्य बंद केलं नाही. प्रत्येक मादीचं वजन बघून तिचा शिधा ठरवायला लागले. 2022 मध्ये काकापो अडीचशेच्या वर होते.

‘संबंधित विभाग’

शेवटच्या पानावरच्या तक्त्यात ‘जबाबदारी’ या रकान्यात हे दोन शब्द असतील, तर ते खोडून पदाचं नाव आणि तारीख लिहा. आराखडा अडकला असेल तर दुरुस्ती इथूनच सुरू करा. ज्या ओळीपुढे लिहायला कुणीच सापडत नाही, ती ओळ बैठक उठण्याआधी वाचून दाखवा.