जिवंत पेशींचा स्पेक्ट्रम घेताय? आधी पाण्याचं बघा

एफटीआयआर, म्हणजे नमुना कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो हे मोजणं, आपण सगळ्यांनीच एमएस्सीला केलेलं असतं. केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) नमुन्यासोबत घोटायचा, पेलेट दाबायची, १७०० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमधल्या तरंगांची संख्या; पुढचे बँडचे आकडे याच मापात) आसपास कार्बोनिल गटाचा बँड, म्हणजे शोषणाचा उंचवटा, दिसला की वहीत टिपायचं. नांदेड-लातूर-परभणीकडून थेट जिवंत पेशींच्या कामात येणाऱ्यांनी ही सवय दारातच सोडावी. केबीआर पाण्यात विरघळतो. इथे कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या लागतात.

आता पाणी. याने मला फार रडवलंय, म्हणून सविस्तर सांगतो. प्रथिनांचा अमाइड-१ बँड (त्यांच्या पेप्टाइड बंधांचा) १६५० वेव्हनंबरजवळ येतो आणि पाण्याचा बँड १६४० जवळ, अगदी त्याच्याच अंगावर. माध्यमाचा थर १० मायक्रॉनच्या वर गेला की तिथला प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही, तरी सॉफ्टवेअर रेघ काढून देतं! थर पातळ ठेवला तरी चेंबरचं तापमान हललं की पाण्याचा बँड बदलतो, पेशींच्या स्पेक्ट्रममधून पाण्याच्या स्पेक्ट्रमची वजाबाकी बिघडते, आणि उरलेला फुगवटा ‘प्रथिनं वाढली’ म्हणून वाचला जातो.

म्हणून १६४० कडे बघून पाणी वजा करूच नका. २१३० जवळ पाण्याचा एक रुंद, बुटका बँड असतो; पेशीचं स्वतःचं तिथे जवळपास काही नसतं. तो सपाट झाला की थांबा. पेशींशिवायचं तेच माध्यम, त्याच चेंबरमध्ये, त्याच तापमानाला मोजलेलं हवं. मग १५४५ चा अमाइड-२, प्रथिनांचाच दुसरा बँड, बघा. तो होता तेवढाच असेल आणि १६५० च वाढला असेल, तर पहिला संशय पाण्यावर घ्या.

‘हाय रिझोल्यूशन’ ऐकून यंत्र ०.५ वेव्हनंबरवर लावू नका. पेशीतले बँड रुंद असतात, ४ किंवा ८ पुरतं. बारीक जागा बघायची असेल तर गोष्ट वेगळी: ६ मायक्रॉनच्या तरंगाला पेशीच्या आतलं फारसं सुटं दिसत नाही. फोटोथर्मल पद्धत इन्फ्रारेड शोषल्याने होणारी ऊब दृश्य प्रकाशाने मोजते, म्हणून ती मायक्रॉनच्या खाली उतरते.

पेशी वाळवून मोजा, असं कुणीतरी सांगेलच. स्पेक्ट्रम देखणा येतो, पण चयापचय तिथेच थांबलेलं असतं. पीएचडीचा गाइडही नावावर निवडू नका. यंत्राशेजारी तुमच्यासोबत बसणारा माणूस शोधा.

घाबरू नका. बीअर-लँबर्टचा नियम (थराची जाडी आणि तीव्रता वाढली की शोषण वाढतं) मनापासून समजला असेल तर गावाकडच्या कॉलेजातून आल्याने काही अडत नाही. सुरुवात पेशींना कार्बन-१३ ग्लुकोज (जड कार्बनचं) खायला देऊन करा. नव्याने बनलेल्या प्रथिनांचा बँड खाली सरकताना दिसतो. ड्युटेरियमवाली (जड हायड्रोजनची) फॅटी ॲसिडं नंतर घ्या, कारण त्यांचे बँड २१०० ते २२०० मध्येच येतात आणि २१३० ची खूण हातातून जाते.