चोडणला घरच्यांना घेऊन जायचंय? मग देव गेला त्या वाटेने जा

"आपण मूळचे चोडणचे" एवढंच आजीकडून ऐकलंय पण घरातलं कोणी तिकडे फिरकलेलंच नाही, अशी घरं मुंबई, बेळगाव, कारवारकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी लिहितोय. चोडण म्हणजे गोव्यातलं मांडवी नदीतलं बेट.

आधी एक गोष्ट घरच्यांना नीट सांगा, तिथे पूर्वजांचं घर सापडेल या आशेने जाऊ नका. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देवळं पाडायला घेतली तेव्हा लोक देव उचलून नदीपलीकडे गेले. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला गेला, म्हणून नुसतं बेट बघून परत आलात तर अर्धंच बघितलं असं होतं. बेट आणि माशेल एकाच दिवशी करा, आणि आधी बेटच.

निघायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना कुलदैवत, गोत्र, जुनं आडनाव विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढे हेच कामाला येतं.

सकाळी रायबंदरहून फेरीबोट घ्या, पोरांना तीच जास्त आवडते. गाडी बोटीत चढवायची असेल तर ऑफिसच्या वेळेला जाऊ नका, लाईन लागते. उतरल्यावर सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच आहे, खारफुटीत पक्षी बघायचे तर हिवाळा बरा.

पण मला विचाराल तर खाजन शेतं बघायला वेळ ठेवाच. खाऱ्या पाण्याला अडवणारे मातीचे बांध आणि त्यात 'मानस' म्हणतात ती लाकडी दारं, भरती आली की पाण्याच्या दाबानेच बंद होतात आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतात, कुणी हात लावायला नको. आपली माणसं कशावर जगली ते बांधावर उभं राहिलं की कळतं, मुलांना तिथेच सांगा. वाटेत दुकानं कमी आहेत, पाणी आणि खाऊ सोबत ठेवा.

मग पुलावरून मये, तिथून नार्वे. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्याच, हा देव शेजारच्या दिवाडी बेटावरून आलेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी हे देऊळ नव्याने बांधायला लावलं. पुढे आमोण्याच्या पुलावरून खांडोळा करत माशेल.

माशेलला काळ्या दगडाच्या एकाच मूर्तीत देवकी आणि बाळकृष्ण दोघं आहेत, आईसोबतचा कृष्ण असा क्वचितच बघायला मिळतो. दर्शन झाल्यावर देवस्थानच्या ऑफिसात महाजनांमध्ये, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांमध्ये, आपलं आडनाव आहे का ते विचारा, रेकॉर्ड केलेलं तेव्हा ऐकवा. आणखी खोलात जायचं असेल तर पणजीला पुराभिलेख खातं आहे, पण जुने कागद बहुतेक पोर्तुगीजमध्ये, वाचणारं माणूस सोबत हवं.

आषाढात माशेलला चिखलकाल्याला, म्हणजे देवळासमोर चिखलात खेळायच्या उत्सवाला, जाणार असाल तर पोरांना जुने कपडे घाला, आणि राहायची सोय आधीच फोन करून पक्की करा, त्या दिवसांत ऐनवेळी खोली मिळणं कठीण.