गोगाबाबाला निघण्याआधी

संभाजीनगरच्या मागच्या डोंगरांना कुणी फारसं मनावर घेत नाही. गोगाबाबा टेकडी काय, लेण्यांचा डोंगर काय, रोज नजरेसमोर असतात, म्हणून माणूस पायात चप्पल अडकवून हात हलवत निघतो. मला त्याचीच काळजी वाटते. उंची किरकोळ असली तरी चढावर सावली नाही, पाणी नाही, आणि नऊ वाजले की काळा खडक तव्यासारखा तापतो. तयारी आदल्या रात्रीच करून ठेवा.

आधी पाणी. तासाला अर्धा लिटर हा माझा हिशेब, उन्हाळ्यात त्याच्या दीडपट. एक बाटली साध्या पाण्याची. दुसरीत लिटरभर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे माप चुकवू नका. अर्धं पाणी संपलं की मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. मागे एकदा मार्चात आम्ही हा नियम मोडला. सोबत्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, मग तो काहीबाही बोलायला लागला. उपरणं भिजवून त्याच्या मानेवर, काखेत ठेवलं, त्यातच शेवटचं पाणी गेलं. तो सावरला, पण ती अर्ध्या तासाची वाट मी विसरलेलो नाही. तेव्हापासून एक सुती उपरणं माझ्याजवळ कायम असतं. तुम्हीही घ्या, डोक्याला बांधता येतं, जखमेलाही.

बूट नवे नकोत. निदान आठवडाभर रस्त्यावर वापरलेले हवेत आणि तळव्याला खाचा हव्यात, कारण इथली खरी परीक्षा उतारावर होते. कठीण खडकावर मुरमाचे खडे पसरलेले असतात, शहाबादी फरशीवर ज्वारी सांडावी तसे. तिथे मागे रेलून उतरणारा हमखास घसरतो. पावलं लहान टाका, गुडघे सैल ठेवा. नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखंही रात्रीच कापा.

मोजे घोट्याच्या वरपर्यंत येणारे घ्या. दसरा झाला की गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघा: ओल लागताच त्याच्या शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि ते हळूहळू फिरतं. घामेजल्या मोज्यात तेच होतं, टोक आत आत शिरत जातं. म्हणून छोटा चिमटाही जवळ असू द्या.

खाण्याला गूळ-शेंगदाणे पुरेत. अत्तर, सेंट लावू नका. लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळ असू शकतं, आणि तिथे आरडाओरड, धूर तर मुळीच नको. दगडाच्या कपारीत हात घालू नका. करवत ओढल्यासारखा आवाज आला तर जागीच थांबा, ते फुरसं असू शकतं. चावलंच तर आवळून बांधणं, चिरणं काही नको. माणसाला हलू न देता रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा आणि घाटी हे सरकारी रुग्णालय गाठा. फोन त्यासाठी पूर्ण चार्ज असावा.

वाट कोणती निवडायची? पहिला महिना गोगाबाबाच, चालत वर आणि चालत खाली. दम जमला की चढ चालायचा आणि सपाटीवर पळायचं. त्यानंतर लेण्यांकडची बाजू. बौद्ध शिल्पं बघायला वेळ राखून ठेवा, नुसतं पळून जाण्यासारखी ती जागा नाही. लांब पल्ला हवा असेल तर खुलताबाद ते म्हैसमाळ हा 12 किलोमीटरचा डांबरी रस्ता. चढ सलग आहे आणि गाड्या असतात, तेव्हा समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेनेच पळा. संत एकनाथांनी तप केलं ते सुलीभंजनही त्याच मुलखात, पण ते वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

ढग गडगडले तर बेत रद्द. माथ्यावर आपणच सगळ्यांत उंच असतो, आणि झाडाचा आडोसा विजेत घातकच.

निघताना घरी वाट आणि परतायची वेळ दोन्ही सांगा. आल्यावर मोजे उलटे करून कुसळं वेचा, मगच धुवायला टाका. नाहीतर ती घरातल्या इतर कपड्यांत जाऊन बसतात.