कुंडी बदलली आणि झोपही लागली

आजारपणानंतर अंगात ताकद आली, पण मन कशातच लागत नव्हतं. रात्री झोप नाही, दिवसा थकवा. त्यात गॅलरीतली जास्वंदही मलूल. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून बाहेर, आतली माती कोरडीच.

वसंत लागला तसं रोप कुंडीतून बाहेर काढलं. मुळांनी गोल गोल फिरून कुंडीचाच आकार घेतला होता! कुंडी बदलायला हा उत्तम काळ, कारण झाड नव्या वाढीला लागलेलं असतं आणि दुखावलेली मुळं लवकर सावरतात. कडेची मुळं बोटांनी सैल केली, कुजलेली कापली. नवी कुंडी आधीच्यापेक्षा फक्त दोन इंच जास्त रुंद घेतली. फार मोठ्या कुंडीत माती ओली राहून मुळं सडतात. माती, कंपोस्ट, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), भरपूर पाणी आणि काही दिवस सावली. नवी पानं फुटेपर्यंत खत अजिबात नाही, याबाबत मी ठाम आहे.

रोज सकाळी मोबाइलआधी कुंड्यांकडे जायला लागले. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ जागेवर आणतो. मातीत हात असताना काळजीही मागे पडते. संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे: शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. मला याचं आता नवल वाटत नाही.

औषधं मात्र बंद करू नका. प्रतिकारशक्ती कमी असेल तर कंपोस्ट हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.