सुफ्ले जेवणाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा

फ्रेंच धाटणीच्या हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये शेवटी सुफ्ले, म्हणजे फेटलेल्या अंड्यामुळे ओव्हनमध्ये फुगणारा हलका पदार्थ, खायचा असेल, तर मुख्य पदार्थांबरोबरच त्याची ऑर्डर द्या. अंड्याचा पांढरा बलक बहुधा ऐनवेळी फेटून मिश्रणात हलक्या हाताने मिसळतात. भाजणं धरून साधारण 20 ते 25 मिनिटं जातात. ओव्हनबाहेर आला की आतली गरम हवा आकसते आणि काही मिनिटांतच तो बसतो. तेव्हा फोटो राहू द्या, आधी चमचा घाला.

मेन्यूतला ‘आंत्रे’ म्हणजे फ्रेंच पद्धतीत सुरुवातीचा पदार्थ, पण अमेरिकेत तोच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात. शंका आली तर सरळ विचारावं, त्यात कमीपणा नाही. स्टेक (भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा) ‘आ प्वां’ म्हणजे मध्यम भाजलेला सांगितला तर आतून गुलाबीच येणार. तो रंग नको असेल तर ‘बियां क्वी’, म्हणजे पूर्ण भाजलेला, म्हणा.

वाइनचा पहिला घोट चाखायला देतात, तो वाइन आवडली की नाही हे सांगण्यासाठी नसतो, ती बिघडलेली नाही ना हे पाहण्यासाठी असतो. ओल्या, कुबट पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बहुधा बुचाचा. बाटली बिनधास्त बदलून मागा.